सुट्टीतला एक आठवडा, आजीचं घर आणि अर्धा किलो गहू

एका ताईंनी विचारलंय, त्या पुण्यात असतात, दोघंही नोकरीला, मुलगा नऊ वर्षांचा, आणि मे महिन्यात ३ तारखेपासून १० तारखेपर्यंत तो कोल्हापुरात आजी-आजोबांकडे राहणार आहे, घर मंगळवार पेठेत. शिबिरात घालावं तर आठवड्याभरासाठी कोण घेत नाही, घरी ठेवावं तर दिवसभर मोबाइल, आजीचं वय सत्तरीच्या पुढं, त्यामुळं लांबचं फिरणं झेपणार नाही. त्यांना हवंय रोजचं काहीतरी, थोडं बाहेर, थोडं निसर्गातलं आणि थोडं स्वयंपाकघरातलं, आणि शेवटी त्यांनी लिहिलंय की "त्याला कंटाळा येऊ नये एवढंच बघायचंय".

ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि बावीस वर्षं उन्हाळ्यात पोरांना घेऊन हिंडत्येय, म्हणून सविस्तर सांगते. पहिलं म्हणजे कंटाळा येऊ द्या. दुपारी पंधरा-वीस मिनिटं पोरगं लोळतं, कुरकुरतं, आणि मग आपोआप उठून काहीतरी उकरून काढतं, त्या वीस मिनिटांत आपण मधे पडलो की सगळं संपलं. दुसरं, आणि मला जे मनापासून सांगायचंय ते हेच, की रोज चार ठिकाणं दाखवू नका. सकाळी एकच ठिकाण, आणि तिथं जे बघितलं त्यातलं काहीतरी दुपारी घरात, स्वयंपाकघरात यायला पाहिजे. नाहीतर पन्हाळा काय आणि मॉल काय, पोराच्या डोक्यात दोन्ही सारखंच, गेलो, आइस्क्रीम खाल्लं, आलो. बाहेर बघितलेली गोष्ट हाताला लागली, नाकाला लागली, तोंडात गेली की ती त्याची होते, हे मी शेकडो पोरांत बघितलंय.

वेळेचं आधी सांगून टाकते कारण त्यात मी एकदा चुकल्येय. सुरुवातीच्या वर्षांत चौदा पोरं घेऊन गडावर गेले होते, निघायला उशीर झाला, साडेदहाला वर पोचलो आणि अकराच्या उन्हात एक पोरगं गप्प गप्प व्हायला लागलं, मला वाटलं दमलंय, पाचच मिनिटांत ते ओकलं आणि बसल्या जागी आडवं झालं. सावलीत नेलं, कपडे सैल केले, ओला पंचा मानेवर, काखेत, साखर-मिठाचं पाणी घोट घोट, आणि थेट खाली दवाखान्यात. बरं झालं ते, पण मला अजून त्याचा तो पांढरा चेहरा दिसतो. तेव्हापासून माझा नियम आहे, सहाला घर सोडायचं आणि साडेनऊला घरात पाय टाकायचा, उन्हाळ्यात याला अपवाद नाही. संध्याकाळी पाचनंतर परत बाहेर. पोरगं उन्हात बडबडायचं थांबलं की समजायचं काहीतरी बिघडलंय, ते तक्रार करेपर्यंत थांबायचं नाही.

आता आठवड्याचा कणा. माझ्या मते तुमच्या आठवड्याचा कणा म्हणजे कुरडया. हसू नका ताई, खरंच सांगते. अर्धा किलो गहू, आणि ते काम बरोबर आठवडाभर पुरतं. ३ तारखेला पोरगं आलं की आजीनं त्याच्याच हातानं गहू निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घालायला लावायचे, पातेल्यावर झाकण, आणि त्याला सांगायचं की हे पातेलं तुझं, रोज सकाळी पाणी बदलायचं काम तुझं. ४ तारखेला गहू फुगलेले असतात, ५ ला पाण्यावर बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो, पोरं नाक धरून येतात पण रोज येतात. एक गहू दोन बोटांत दाबायला लावा, पहिल्या दिवशी टणक, दुसऱ्या दिवशी चेपतो, आणि तिसऱ्या दिवशी दाबला की टरफल वेगळं आणि आतून पांढरं दूध फिचकन बाहेर. ते दूध बघून पोराच्या तोंडून जो आवाज निघतो ना, त्यासाठी मी दरवर्षी हे करते. ६ तारखेला सकाळी मिक्सरवर वाटायचं, गाळून चोथा पिळून बाजूला काढायचा, आणि पांढरं पाणी मोठ्या पातेल्यात दिवसभर, रात्रभर हलवायचं नाही. ७ ला पहाटे बघायचं, वर निवळ पिवळसर पाणी, तळाशी घट्ट चीक. पुढचं ७ तारखेवर आल्यावर सांगते.

पहिल्या सकाळी, म्हणजे ४ तारखेला, रंकाळा. मंगळवार पेठेतून चालत होतं, आजोबा येत असतील तर उत्तमच. पण रंकाळ्याला संध्याकाळी नाही, संध्याकाळी भेळ आणि गर्दी, ते एखाद्या दिवशी वेगळं करा. सकाळी सहाला जा, संध्यामठाच्या बाजूला बसा, आणि पोराला सांगा की दहा मिनिटं बोलायचं नाही, फक्त आवाज मोजायचे. दहा मिनिटं कुणी बसत नाही, चार मिनिटं बसतात, चालतंय. त्यात एक आवाज हमखास येणार, टुक टुक टुक, भांड्याला ठोके घातल्यासारखा, न थांबता. तो तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल डाग, पण हिरव्या पानांत बसला की दिसतच नाही, आवाज एका झाडातून येतोय म्हणून बघावं तर तो मान वळवतो आणि वाटतं दुसऱ्या झाडातनं येतोय. पोरांना हा शोधायचा खेळ फार आवडतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळं तो खातो, त्यामुळं अशा झाडाखाली थांबलं तर लवकर सापडतो. पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला दिसेल, खंड्या दिसेल, बगळे तर आहेतच. यादी करत बसू नका, एक तांबट नीट बघितला तरी सकाळ सार्थकी लागली. येताना वाटेत कुठं बहावा फुललेला दिसला तर त्याच्याखाली उभं राहून वर बघायला लावा, पिवळी झुंबरं लटकलेली असतात मेमधे.

त्या दिवशी घरी कैरीचं पन्हं. दोन कैऱ्या कुकरला उकडून, गार झाल्यावर साल पोरानं हातानं सोलायची, कोय चोळून चोळून गर काढायचा, गर वाटीनं मोजायचा आणि त्याच वाटीनं दुप्पट गूळ. मीठ, वेलची. गूळ इथलाच, कोल्हापूरचा. गुऱ्हाळं बहुतेक मार्च-एप्रिलपर्यंत बंद होतात त्यामुळं काहिलीतला उकळता रस तुम्हाला मेमधे बघायला मिळणं अवघड, पण आजोबांना विचारा, या भागात त्या वयाच्या प्रत्येक माणसानं गुऱ्हाळावर बसून गरम काकवी खाल्लेली असते, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी कशी वर आणतात, चुलवाणात चिपाडं कशी सारतात, हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं.

५ तारखेला पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी असेल तर पाऊण तास, लाल डब्यानं गेलात तर त्याची मजा वेगळी पण मग परत यायची वेळ सांभाळा. सगळा गड करायचा नाही, मी पोरांना तीनच गोष्टी दाखवते. एक अंबरखाना, गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्याची कोठारं, आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं एवढं गार, भिंतीची जाडी हातानं मोजायला लावायची. दुसरी अंधारबाव, बाहेरनं साधी इमारत वाटते आणि आत तीन मजली विहीर. पाण्यावर कुणाचा ताबा त्याचा गड, हे तिथं उभं राहून सांगितलं की पोराला पटतं. आणि तिसरं, तटावर उभं राहून १६६० सालची गोष्ट सांगायची, सिद्दी जौहरचा चार महिन्यांहून जास्त वेढा, भर पावसातली जुलैची रात्र, महाराज विशाळगडाकडं निघाले, शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली. गोष्ट सांगताना हात करून दिशा दाखवा, "त्या बाजूला विशाळगड", पोरं नुसत्या गोष्टीपेक्षा दिशेला जास्त धरतात. आणि तटावर कडेला जायचं नाही, हात धरूनच. जुन्या बुरुजांना, कड्यांना मोहोळं असतात, तिथं आरडाओरडा, दगड मारणं, बिलकुल नाही, सेंट मारून पण जाऊ नका.

आता यात स्वयंपाकघर कुठं आलं म्हणाल, तर ही माझी सगळ्यात आवडती जोडणी आहे. गडावर जुन्या दगडांवर, झाडांच्या खोडांवर करडे-हिरवट खवल्यासारखे डाग असतात, कागद चुरगळून चिकटवल्यासारखे. पोराला बोट फिरवून बघू द्या, खरवडून काढू नका, ते फार हळू वाढतं. त्याला म्हणावं, हे लक्षात ठेव, घरी गेल्यावर हे तुला परत भेटणार आहे. घरी आलं की आजीच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल त्याच्या हातावर ठेवायचं. वरनं करडं, खालनं काळं, पापुद्र्यासारखं. एवढ्या दिवसांत किती पोरांनी डोळे मोठे करून विचारलंय, "म्हणजे आपण भिंतीवरचं खातो?" तसंच नाही पण त्याच जातीचं. एक झाड नाही ते, बुरशी आणि शेवाळ दोघांनी मिळून मांडलेला संसार आहे, बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर अन्न करतं. थोडं दगडफूल कोरडंच तव्यावर गरम केलं की जो वास सुटतो तो मटणाच्या रश्श्यातला ओळखीचा वास, तिथं पोराची खूणगाठ पक्की बसते.

लगे हात मसाल्याच्या डब्याचा खेळ करून घ्या. मे महिना म्हणजे आमच्याकडं चटणीचा महिना, चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, वर्षाची, हे पुण्याच्या पोराला सांगावं लागेल. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी नाहीतर लवंगी, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, आणि डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, रांग. मिरच्यांचं काम पोराला अजिबात देऊ नका, हात डोळ्याला लागला तर दिवस गेला. त्याचं काम वासाचं. डोळे बांधायचे आणि एकेक नाकाखाली धरायचं, धणे, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, मायपत्री. पहिल्या फेरीत तीन ओळखतात, तिसऱ्या फेरीत सगळे. मोठी माणसं हरतात या खेळात, तेव्हा पोरं खुलतात. आजींकडं चटणी करायची राहिली असेल तर डंकावर त्याला घेऊन जा पण दारातनं दाखवा, आत ठसक्यानं जीव जातो.

आणि ५ ला संध्याकाळी भाकरी. अंबरखान्यात धान्याची कोठारं बघून आलाय ना, मग त्या धान्याचं काय होतं ते बघू दे. शाळूचं, म्हणजे ज्वारीचं पीठ, ताजं दळलेलं, जुन्या पिठाची भाकरी मोडते आणि पोरगं हिरमुसतं. उकळतं पाणी आजीनं ओतायचं, उलथन्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतपत झालं की पोराच्या हवाली. ज्वारीत गव्हासारखा ओढ धरणारा चिकटपणा नसतो म्हणून गरम पाणी, म्हणून तळहातानं रेटून रेटून मळायचं, हे करता करता सांगा. त्याला मोठी भाकरी थापायला लावू नका. लिंबाएवढा गोळा, परातीत पीठ पसरून, बोटं एकमेकांना चिकटवून, कडेनं हळूहळू. गोल होणार नाही, कर्नाटकच्या नकाशासारखी होईल, कडेला चिरा पडतील, एखादी उचलताना दोन तुकडे होतील. होऊ दे. तव्यावर आजीनं टाकायची, पिठाची बाजू वर, आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा तो मात्र पोरानं लांबनं कापडाच्या बोळ्यानं. पाणी सुकत आलं, पूर्ण वाळलं नाही, तेव्हा उलटायची. मग तवा काढून आचेवर. दोन्ही बाजूंचे पापुद्रे धरलेले असतात, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर जायला वाट नसते, आणि ती तळहाताएवढी भाकरी आधी एका कोपऱ्यात फुगते, मग तो फुगा सरकत सरकत पलीकडं जातो आणि टम्म होते. पोरगं श्वास धरून बघत असतं. चिरा पडलेली असेल तर तिथनं वाफ फुस्सकन जाते आणि फुगत नाही, मग दुसरी करताना ते स्वतःच चिरा बुजवतं, तुम्ही सांगायची गरज नाही. वर लोणी, बरोबर खर्डा, तो त्याला सोसत नसेल तर शेंगदाण्याची चटणी, आणि स्वतः केलेली भाकरी स्वतः खायची. पालेभाजी न खाणारं पोरगंसुद्धा त्या दिवशी भाकरीबरोबर काहीपण खातं.

६ मे. ताई, तुम्हाला ठाऊक नसेल पण तुमच्या आठवड्यात ही तारीख येत्येय हे फार चांगलं झालं. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे, सूर्य उत्तरेकडं सरकत सरकत ६ मेच्या सुमारास बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आसपास उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पुण्यात हे आठवडाभर नंतर होतं. गच्चीवर सपाट जागेला पांढरा कागद, त्यावर पाईपचा सरळ तुकडा नाहीतर उभट स्टीलचा डबा उभा करायचा आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलीनं खूण. टोपी, पाणी, आणि खूण करून लगेच जिन्याच्या सावलीत परत यायचं, एवढीच दहा सेकंदं उन्हात. सव्वाबाराला सावली बोटभर, मग नखाएवढी, आणि साडेबाराला काही मिनिटं नाहीच. डबा तिथं आहे, ऊन तिथं आहे, सावली नाही. मी पहिल्यांदा पोरांना हे दाखवलं तेव्हा एकानं डबा उचलून खाली बघितलं, सावली खाली लपलीय का म्हणून, आणि त्याचं बरोबरच होतं की, ती खालीच असते. मग पोराला स्वतःला उभं करा, त्याची सावली त्याच्या पायाशी गोळा झालेली असते. कारण सांगायचं तर संत्र्याला काडी टोचून बॅटरीचा झोत वरनं धरायचा, झोत काडीच्या सरळ वर आला की सावली जाते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना हे वर्षातून दोनदा दिसतं, आपल्याकडं दुसरी वेळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पण तेव्हा कोल्हापुरात सूर्य दिसतोय कुठं. ढग आले तर ७ ला परत बघा, फरक अगदी बारीक असतो.

आणि ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन, १९२२ सालचा. त्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेसला, महाराजांच्या जन्मस्थळी घेऊन जा. आधी वेळ विचारून घ्या. मोठं भाषण नको, एकच गोष्ट सांगा, कोल्हापूरच्या पिकांना पाणी मिळावं म्हणून या राजानं राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, आणि आज घरी आजीनं कुकरला जो भात लावलाय त्यामागं ते पाणी आहे. पुरे.

७ ला पहाटे कुरडया. हे सहाला सुरू झालंच पाहिजे. वरचं निवळ पाणी अलगद ओतून टाकायचं, चीक जेवढा तेवढंच पाणी मोठ्या पातेल्यात मीठ, हिंग घालून उकळायचं, आणि चीक धार धरून सोडायचा, दुसऱ्यानं न थांबता ढवळायचं. हे आजी आणि शेजारच्या एखाद्या काकूंचं काम, चीक उकळताना उडतो आणि हाताला चिकटून भाजतो, पोराला चार हात लांब बसवा. पण बघू द्या, कारण पांढरं पातळ दूध बघता बघता घट्ट होतं आणि चकचकीत, काचेसारखं होतं. पोरं विचारतात रंग कुठं गेला. गरम पाण्यानं पिठातले कण फुगून फुटतात, म्हणून. झाकण ठेवून एक वाफ काढली की पहिली वाटी पोराला, गरम चीक, वर दूध-गूळ नाहीतर तूप आणि जिरेपूड. आमच्या लहानपणी कुरडयांपेक्षा या वाटीसाठी आम्ही पहाटे उठायचो. मग गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर कागदावर कुरडया, सोऱ्या दाबायला पोराची ताकद पुरत नाही, तो हँडल धरणार आणि मोठं माणूस त्याच्या हातावर हात ठेवून फिरवणार.

त्यानंतर राखण. पूर्वी वाळवण राखायचं काम पोरांचंच असायचं, आणि माझ्या मते निसर्ग बघायला याच्यासारखी शाळा नाही. जिन्याच्या सावलीत चटई, हातात काठी, पाण्याची बाटली, एक वही. कावळा येणार, आधी एकटा येऊन कठड्यावर बसतो, मान वाकडी करून बघतो, आपण हललो नाही की उतरतो. साळुंक्या जोडीनं, चालत चालत. खार सगळ्यात धीट. वहीत रेघा मारायच्या, कोण किती वेळा आलं. एका टोकाला मातीच्या थाळीत पाणी आणि थोडे तांदळाचे दाणे ठेवले तर चिमण्या कुरडयांकडं न जाता तिकडं जातात की नाही हे त्याचं त्यालाच शोधू द्या. आठ ते दहा, तेवढंच, मग वर पातळ कापड टाकून खाली. मोबाइलबद्दल तुम्ही विचारलं होतं ना, तो हिसकावून घेऊ नका, त्यानं हट्टच वाढतो. राखणीला बसताना मोबाइल घेतला तर कावळा कुरडई पळवतो, हे एकदा झालं की पुढचं सांगावं लागत नाही.

८ ला रेल्वे. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून सकाळची पॅसेंजर, थांबत थांबत जाणारी, रुकडीपर्यंत जायचं आणि परत. तिकीट पोरानं खिडकीवर स्वतः मागायचं. वाटेत वळिवडे स्टेशन लागतं, तिथं त्याला सांगा की दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेली पोलंडची पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ मधे इथं छावणीत राहिली, तुझ्याएवढी पोरं होती, इथल्या उन्हात खेळली, शाळेत गेली. त्यांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे, परत आल्यावर तो बघा. नऊ वर्षांच्या पोराला युद्ध कळत नाही, पण घर सोडून आलेलं पोर कळतं. मग गाडी पुलावर येते, खाली पंचगंगा. नदीच्या नावाचा हिशोब त्याच्याकडून बोटांवर करून घ्या, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. नदीत उतरायचं मात्र नाही, कुठंच नाही, घाटावरसुद्धा पायरीवरच बसायचं.

संध्याकाळी बाकी फार ठरवू नका. एक दिवस गंगावेशला दूध कट्ट्यावर, म्हैस समोर, दूध समोर, फेसाळ पेला. कच्चं दूध त्याच्या पोटाला सवयीचं नसेल तर बघायचं तिथं आणि घरी आणून तापवून प्यायचं. एक दिवस कुंभार गल्लीत, मेमधे गणपतींचं काम सुरू झालेलं असतं, विनंती केली तर शाडूचा एखादा गोळा देतात. एखादी तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा, लांबनं, लाल माती बघायला, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालतात हे ऐकून पोरं म्हणतात ही तर भाजीच झाली. वळीव आला तर सगळं सोडून दारात उभं राहायचं, गारा पडल्या तर वाटीत वेचायच्या.

दाजीपूरचं अभयारण्य, खिद्रापूरचं देऊळ या वेळेला नको. दाजीपूर ८० किलोमीटरच्या आसपास, गवा बघायच्या हट्टानं नेलं आणि दिसला नाही तर पोरगं अख्खा दिवस नाराज, आणि आजींना तो प्रवास नको. पुढच्या वर्षी मेच्या शेवटी आलात तर राधानगरीचे काजवे दाखवा, बॅटरी न लावता, कारण तो उजेड म्हणजे त्यांचं एकमेकांशी बोलणं असतं, आपला उजेड पडला की ते बोलणं तुटतं.

९ ला बाजार. लक्ष्मीपुरीत नाहीतर कपिलतीर्थला पोराच्या हातात पन्नास रुपये द्या आणि सांगा, जे पुण्याला दुकानात मिळत नाही ते आण. डोंगरावरनं बायका पाट्या घेऊन येतात, करवंदं, जांभळं, आळू, तोरणं असली रानफळं, पळसाच्या नाहीतर कुड्याच्या पानात बांधून देतात. करवंद फोडून आतनं लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ आजीला येत असणार. आणि दुपारी कुरडया गोळा करायच्या. कडकडीत वाळल्यात का बघायला एक मोडायची, आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून एक ऊन.

आजीवर भार पडू नये म्हणून एवढं करा, शेजारचं एखादं पोर बरोबर घ्या, दोघं असली की निम्मं काम कमी होतं, आणि दुपारी आजीच्या झोपेची दोन तास सुट्टी घरात सगळ्यांनी पाळायची.

बाकी आजच आजींना फोन करून तीन गोष्टी सांगा. अर्धा किलो लोकवन गहू आणून ठेवायचा, शाळूचं पीठ ४ तारखेला ताजं दळून आणायचं, आणि सोऱ्या माळ्यावर असेल तर आजोबांकडून उतरवून घेऊन त्यातली कुरडईची चकती आहे का बघायची, ती चकती बहुतेक घरांत हरवलेली असते. नसली तर महाद्वार रोडला भांड्याच्या दुकानात सोऱ्या दाखवून त्या मापाची मागा, सोऱ्या न नेता चकती आणलीत तर बसणार नाही.